जुन्या सायकलीला नवी चाकं: २७ इंची स्टीलची रिंग ठेवावी की ७०० सी अलॉयवर जावं?

बावधनकर | ४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथले सायकलचे जुने धागे वाचून बरंच शिकलो, आता स्वतःचाच प्रश्न घेऊन आलोय. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे सल्ला देणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

सायकल वडिलांची. १९९१ साली त्यांनी घेतलेली, मागे पाच गिअरची, रेसिंग हँडलची, लोखंडी फ्रेमची. चिंचवडला कारखान्यात पहिल्या पाळीला ते हिच्यावरूनच जायचे. ते गेल्यावर सहा वर्षं गॅलरीत उभी होती. गेल्या वर्षी खाली उतरवली, तेलपाणी केलं, केबली बदलल्या आणि ऑफिसला न्यायला लागलो. मी राहतो बावधनला, ऑफिस डेक्कनला. जाऊन-येऊन साधारण १८ किलोमीटर. जाताना चांदणी चौकातून पौड रस्त्याला उतरायचं, येताना तोच चढ.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, ब्रेक. रिंगा स्टीलच्या, क्रोम केलेल्या. कोरड्या रस्त्यावर तक्रार नाही. गेल्या जुलैत मात्र पावसात त्या उतारावर दोन्ही ब्रेक आवळून धरले आणि सायकल जशी होती तशीच चालत राहिली. पुढे बस थांबत होती. बसच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबलो. त्या दिवशी ऑफिसात पोचल्यावर बराच वेळ हात थरथरत होते. त्यानंतर पाऊस असला की सायकल काढलीच नाही, म्हणजे पुण्यात वर्षातले चार महिने गेले.

दुसरी, तारा. वर्षभरात मागच्या चाकाच्या सात तारा तुटल्या, सगळ्या फ्रीव्हीलच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूच्या. दर वेळी एक तार टाकायची, आउट (चाकाचा डुलणारा बाक) काढायची, महिन्यात दुसरी तुटते. मेकॅनिक म्हणतो रिंग अंड्यासारखी झालीय, आता आउट निघणार नाही.

तेव्हा चाकं बदलायचीच हे ठरलंय. परत स्टीलच टाकू की अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची? अलॉय टाकायची तर २७ इंचीच शोधू की ७०० सी? ऑनलाइन पाच हजारांत तयार चाकांची जोडी दिसतेय, ती सरळ बसेल का? पावसाळ्याच्या आधी काम उरकायचंय.

रानवारा | ४ मे, रात्री १०:१५

मन दुखावण्याचा हेतू नाही, पण एकदा विचार करा. चाकं, टायर, ब्रेक, मजुरी धरून सहा-सात हजार जातील. त्यात थोडी भर घातली तर पंधरा हजारांच्या आसपास डिस्क ब्रेकची नवी हायब्रिड येते. रोजच्या प्रवासाला भरवशाचं वाहन हवं. वडिलांची सायकल जपून ठेवा, रविवारी चालवा.

बावधनकर | ४ मे, रात्री १०:५०

रानवारा, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे आणि घरूनही हेच ऐकतोय. पण फ्रेम सरळ आहे, सांधे पक्के आहेत, गंज वरवरचा आहे. माझी उंचीही वडिलांइतकीच, त्यामुळे ती मला अंगासरशी बसते. दोन नव्या हायब्रिड चालवून पाहिल्या, पाठ दुखली. आणि ही रोज रस्त्यावर असावी असंच मला वाटतं, गॅलरीत तिने सहा वर्षं काढली आहेत.

मिरजकर | ५ मे, सकाळी ७:०५

बावधनकर, चाकं बदला, सायकल बदलू नका. माझ्या मामांचं मिरजेत सायकलचं दुकान होतं. शाळेच्या सुट्ट्या मी तिथे चाकं बांधण्यात घालवल्या, त्यातून जे हाताला लागलं ते सांगतो.

सगळ्यात आधी इंच विसरा. सायकलच्या चाकाचं इंचातलं माप म्हणजे नुसतं नाव आहे. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात दोन आकडे असतात, तुमच्या टायरवर ३२-६३० असे असतील. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिंगवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २७ × १¼ म्हणजे ६३०. ७०० सी म्हणजे ६२२. तुमचं सत्तावीस इंची चाक सातशेपेक्षा ८ मिलिमीटरनी मोठं आहे. डोळ्याला फरक कळत नाही, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. दुकानात नुसतं 'सत्तावीस द्या' म्हणालात तर हल्ली २७.५ ची माउंटन बाइकची रिंगसुद्धा हातात पडेल. ती ५८४, अगदीच वेगळी.

६३० मध्ये साधे टायर आपल्याकडे गल्लीत मिळतात, पण चांगले हवे असतील तर बाहेरून मागवावे लागतात आणि निवडीला वाव थोडा. ६२२ मध्ये जगभरातले सगळे टायर तुमचे. म्हणून मी ७०० सी म्हणेन.

पण चाक कुठलं बसेल हे ब्रेक ठरवतो. व्यास ८ ने कमी झाला की रिंगची कड ब्रेकपासून ४ मिलिमीटर लांब जाते. तेवढं रबर खाली सरकवायला कॅलिपरच्या (रबरं धरणाऱ्या ब्रेकच्या हातांच्या) खाचेत जागा हवी. आज घरी गेलात की पट्टी घ्या आणि एवढं मोजा: ब्रेक ज्या बोल्टवर टांगलाय त्याच्या मध्यापासून रिंगच्या कडेच्या मध्यापर्यंतचं अंतर, पुढचं आणि मागचं. त्या खाचेत रबर अजून किती खाली जातं ते. मागचं चाक फ्रेमच्या ज्या दोन खाचांत बसतं त्यांच्यामधलं आतलं अंतर. आणि दोन्ही चाकांच्या तारा मोजा. हे कळल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

ऋता_आइंडहोवन | ५ मे, दुपारी १:३०

बावधनकर, तुमचा बसचा प्रसंग वाचून काळजात चर्रर झालं. इथे नेदरलँड्समध्ये बारा महिने पाऊस आणि बारा महिने सायकल, त्यामुळे ओल्या ब्रेकचा विषय माझ्या रोजचा.

स्टीलची क्रोम रिंग गुळगुळीत असते. तिच्यावर पाण्याचा थर बसला की रबर नुसतं घसरतं. अ‍ॅल्युमिनियमवर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत रबर पाणी पुसून काढतं आणि मग पकडतं. फरक प्रचंड आहे, तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल. इथल्या साध्या शहरी सायकलींवर यातून वेगळीच वाट काढलेली असते: ब्रेक हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत, ड्रमचा नाहीतर पायडल उलटं दाबायचा. मग रिंग कसली आहे आणि ओली आहे का, याने काही बिघडत नाही. तुमच्या गिअरच्या सायकलला ते करत बसू नका, अलॉय रिंग आणि मऊ रबरं पुरेशी आहेत. पण अलॉयबरोबर एक काम वाढतं. पावसात वाळूचे कण रबरात रुतून बसतात आणि रिंग खरवडतात. आठवड्यातून एकदा रबरं बघा, चकाकणारे कण दिसले तर टाचणीने काढून टाका.

वर्धेकर | ५ मे, संध्याकाळी ६:२०

मिरजकर दादा, याच धाग्यात माझाही प्रश्न टाकू का? आजोबांची काळी सायकल आहे, २८ × १½, सळईचे ब्रेक, मागे कॅरिअर. तिलापण सातशेची चाकं टाकता येतील का? रिंगा पार गंजल्यात.

मिरजकर | ५ मे, रात्री ८:४५

वर्धेकर, तुमच्या सायकलला नको. तुमचं माप ६३५. सातशेपर्यंत व्यासात १३, म्हणजे ब्रेकपाशी साडेसहा मिलिमीटरचा फरक पडतो, पण खरी अडचण वेगळी आहे. सळईच्या ब्रेकचं रबर रिंगच्या कडेला लागत नाही, ते आतल्या बाजूने, तारांच्या अंगाने वर ओढलं जातं. तुमच्या रिंगला आतून त्यासाठी गोलसर पट्टा असतो. नव्या रिंगांना तो नसतो. सातशे टाकलंत तर ब्रेक लावायला जागाच उरणार नाही, आणि कॅलिपर लावायचा म्हटलं तर एवढा लांब हात साध्या कॅलिपरला नसतो.

तुम्ही ६३५ चीच नवी रिंग घ्या. ती अजून प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळते. घेताना भोकं मोजून घ्या, आपल्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. दोन्ही हब उघडा, छर्रे सगळे नवे टाका, कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूसारख्या नटावर) खड्डे पडले असतील तर कोनही. नवं ग्रीस, नव्या तारा, चांगले टायर. सायकल हलकी होणार नाही, पण अशी पळेल की आजोबांची आठवण येईल. पावसात मात्र जपूनच, तो ब्रेक ओला झाला की तोही घसरतो.

ऋता_आइंडहोवन | ५ मे, रात्री ११:१०

वर्धेकर, ६३५ चे टायर इथे अजून बनतात आणि विकले जातात, कारण डच आजोबांच्या काळ्या सायकली त्याच मापाच्या. ४०-६३५ मध्ये पंक्चर न होण्यासाठी आत जाड पट्टी असलेला, बाजूला चमकणारी रेघ असलेला टायर मिळतो. भारतात मिळाला नाही तर कुणी येणारं-जाणारं असेल तर सांगा. घडीचा टायर नसतो तो, पण गुंडाळून बॅगेत बसतो.

बावधनकर | ६ मे, रात्री ९:००

मोजलं. ब्रेकच्या बोल्टपासून रिंगपर्यंत पुढे ५४, मागे ६३ मिलिमीटर. पुढे खाचेत सात-आठ मिलिमीटर जागा आहे. मागे रबर आत्ताच जवळजवळ तळाला, फार तर दोन मिलिमीटर शिल्लक. मागच्या खाचांमधलं अंतर १२०. तारा पुढे-मागे ३६-३६. हब अलॉयचे आहेत, हाताने फिरवले तर मागचा जरा खरखरतो.

मिरजकर | ७ मे, सकाळी ६:५०

उत्तम. आता चित्र स्पष्ट झालं.

तयार चाकांचा विचार सोडा. ती बहुतेक १३५ ची असतात, माउंटन बाइकच्या मापाची. तुमची फ्रेम १२०, जुन्या पाच गिअरची. लोखंडी फ्रेम चार-सहा मिलिमीटर फाकवता येते, १२६ पर्यंत मी स्वतः नेल्यात. १५ मिलिमीटर म्हणजे फ्रेमवर अत्याचार. खाचा एकमेकींना समांतर राहत नाहीत, मग अ‍ॅक्सल वाकतो. कुणाला थोडीशी फाकवायचीच असेल तर नंतर दोरीने तपासा: हँडलखालच्या नळीला दोरी अडकवून मागच्या दोन्ही खाचांपर्यंत ताणायची, सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आलं पाहिजे. आणि हे फक्त लोखंडाला. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम कधीही फाकवू नये, ती तडकते.

तुमचे हब ३६ भोकांचे आणि अलॉयचे. ते ठेवा. त्यांच्यावर ३६ भोकांच्या दुपदरी अलॉय रिंगा बांधून घ्या. हबवर जुन्या तारांचे वळ उमटलेले दिसतील, नव्या तारा त्याच वळांतून, त्याच दिशेने घाला. पुढचा ब्रेक आहे तोच चालेल. मागे ६७ लागणार, म्हणजे ५५ ते ७३ पोहोचवाला लांब हाताचा कॅलिपर घ्या. टेक्ट्रोचा आर-५५९ येतो. घेताना नटवाला मागा. नव्या सायकलींचा बोल्ट फ्रेमच्या आत बुडतो, जुन्या फ्रेमला तेवढं मोठं भोक नसतं. कॅलिपरची खाच कानशीने घासून वाढवू म्हणणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका. उतारावर तुमचा जीव त्या खाचेवर आहे.

आता सर्वात महत्त्वाचं. तारा कापण्याआधी फ्रीव्हील काढा. फ्रीव्हील पायडल मारून मारून आट्यांवर इतकं घट्ट बसतं की ते सोडवायला अख्ख्या चाकाची ताकद लागते. तारा कापल्या, चाक गेलं, की नुसता हब कुठे धरणार?

रानवारा | ७ मे, सकाळी ९:३०

हे माझ्याबाबतीत झालंय. एका दुकानात रिंग बदलायला टाकली होती, मुलाने आधी पक्कडने सगळ्या तारा कापल्या. मग हब वाइसमध्ये धरायचा प्रयत्न केला, त्याची कड फुटली. चांगला हब आणि फ्रीव्हील दोन्ही भंगारात. त्या वैतागातच मी नवी सायकल घेतली होती. मिरजकरांनी सांगितलंय ते जाड अक्षरात लिहून ठेवा.

लातूरचा_गडी | ७ मे, दुपारी ४:१५

रिंग-तारांचं बोलणं झालं, टायरचं मी बोलतो. आमच्याकडे बाभळीचे काटे, त्यामुळे मी पंक्चर काढण्यातच मोठा झालो.

सातशेला गेलात की ३२ ऐवजी ३५ रुंदीचा टायर बघा. हिशोब करा: ६३० ला ३२ चा टायर म्हणजे बाहेरचा व्यास ६९४. ६२२ ला ३५ चा म्हणजे ६९२. सायकलची उंची होती तीच राहिली, हवेची गादी मात्र वाढली. फक्त मागे फ्रेमच्या दोन दांड्यांमध्ये आणि मडगार्डखाली बोट जाईल एवढी जागा आहे का बघा. नसेल तर ३२ वर थांबा.

आत पंक्चररोधक पट्टी असलेलाच टायर घ्या. शहरात काटे नसले तरी जळालेल्या ट्रकच्या टायरांतल्या केसासारख्या बारीक तारा रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात. त्या काट्यापेक्षा वाईट. ट्यूब काढून पंक्चर जोडला, पण तार टायरमध्येच राहिली, तर घरी पोचायच्या आत पुन्हा हवा जाते. टायरच्या आतून बोटांना फडकं गुंडाळून हळूहळू फिरवा, फडकं जिथे अडकेल तिथे तार.

आणि रिंग घेताना व्हॉल्व्हचं भोक बघा. मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचं घ्या. बारीक व्हॉल्व्ह रेसिंगला ठीक, पण रात्री नऊ वाजता रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे त्याचं तोंड नसतं. रिंगच्या आतली पट्टीही कापडी घ्या. दुपदरी रिंगला आतून मोठी भोकं असतात, रबरी पट्टी ताणाखाली त्यात खचते आणि ट्यूब तिथे फुटते.

बावधनकर | ८ मे, रात्री १०:३०

सगळं लिहून घेतलंय. मिरजकर, तारांची लांबी कशी काढायची? दुकानदार म्हणतो जुन्याच मापाच्या आणू.

मिरजकर | ९ मे, सकाळी ७:१०

जुनं माप चालणार नाही, रिंगचा घेर बदलला की लांबी बदलते. नव्या रिंगच्या समोरासमोरच्या दोन भोकांत एकेक जुनी तार निपलसकट (टोकाच्या छोट्या नटासकट) घाला, मध्ये ताणून धरा आणि एका निपलच्या डोक्यापासून दुसऱ्याच्या डोक्यापर्यंतचं अंतर मोजा. तीन ठिकाणी मोजून सरासरी काढा. मग हबच्या दोन्ही बाजूंच्या तबकड्यांचा व्यास आणि त्या हबच्या मध्यापासून किती अंतरावर आहेत ते. एवढे आकडे नेटवरच्या कुठल्याही तारांच्या गणकयंत्रात घाला, तीन क्रॉस (प्रत्येक तार तीन तारांना ओलांडते ती बांधणी) निवडा. मागच्या चाकाला उजवी-डावीची लांबी वेगळी येईल. फ्रीव्हीलला जागा देण्यासाठी चाक उजवीकडे सरकवलेलं असतं, म्हणून त्या बाजूच्या तारा आखूड आणि जास्त ताणलेल्या.

तुमच्या सात तारा तिथेच का तुटल्या तेही यातच आहे. चाक फिरताना जमिनीकडे आलेली तार क्षणभर सैलावते, वर गेली की परत ताणते. तुमच्या १८ किलोमीटरच्या प्रवासात हे दिवसाला सव्वाआठ हजार वेळा होतं. ताण सगळ्या तारांवर सारखा आणि पुरेसा असेल तर हा हेलकावा थोडा राहतो. एक तार सैल असेल तर ती कोपऱ्यात वाकत राहते आणि वायर हलवून हलवून तोडावी तशी तुटते. एक तुटली की शेजारणींवर भार. एकेक तार बदलून हे थांबत नाही. स्टेनलेसच्या, १४ गेजच्या नव्या तारा घ्या, सगळ्या एका खोक्यातल्या.

बावधनकर | २५ मे, रात्री ११:००

आज काम झालं. झोप येत नाहीये, म्हणून लगेच लिहितो.

कोथरूडमधल्या एका जुन्या कारागिरांनी मला शेजारी बसू दिलं, तेवढी एकच विनंती मी केली होती. वय सत्तरच्या पुढे. मी घाबरत म्हणालो, काका, आधी फ्रीव्हील काढूया. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, "मग काय, शेवटी काढतात का?" फ्रीव्हीलवर गंजाचा स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवला होता. दोन दातांचं टूल खाचेत बसवून वरून अ‍ॅक्सलच्या नटाने दाबलं, म्हणजे ते निसटत नाही. टूल वाइसमध्ये पकडलं आणि चाक आडवं. मग ट्रकच्या स्टिअरिंगसारखं चाक दोन्ही हातांनी धरून डावीकडे फिरवायचं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा काकांनी माझ्या हातांवर हात ठेवले आणि दोघांनी मिळून जोर लावला. कडाक्कन आवाज झाला, मला वाटलं दात तुटले. पण चाक फिरलं होतं. चौतीस वर्षांत ते फ्रीव्हील पहिल्यांदा जागचं हललं. आट्यांवर काळंभोर ग्रीस, आणि त्याखाली आटे नव्यासारखे लख्ख.

हब उघडला. मागच्या डाव्या कोनवर खड्ड्यांची रांग होती, खरखर तिथलीच. दोन्ही कोन आणि अ‍ॅक्सल नवे टाकले. छर्रे मागे एकेका बाजूला पाव इंची नऊ, पुढे तीन-सोळांशाचे दहा-दहा, सगळे नवे. काकांनी ग्रीसमध्ये ते बोटाने एकेक चिकटवत बसवले.

रिंगा मी घरच्या काट्यावर तोलल्या होत्या. जुनी मागची ९८० ग्रॅम, नवी ५६०. तारा माझ्या हबला मागे उजवीकडे २९० आणि डावीकडे २९२ आल्या, पण तुमच्या हबला तुम्ही स्वतः मोजा. तारांच्या आट्यांना काकांनी जवसाचं तेल लावलं. म्हणाले, बांधताना निपल सुळकन फिरतं आणि तेल वाळलं की तेच निपलला धरून ठेवतं.

मिरजकर, पुढचं खास तुमच्यासाठी. आउट काढून झाली, चाक सरळ फिरत होतं, मला वाटलं संपलं. काकांनी चाक मांडीवर घेतलं आणि एका बाजूच्या तारा नखाने छेडायला लागले. टिंग, टिंग, टिंग, टंग. त्या चौथ्या तारेला पाव फेरा. परत छेडली. अजून अर्धपाव. मग ती बाकीच्यांच्या स्वरात आली. उजव्या बाजूचा स्वर चढा, डावीचा खालचा, पण आपापल्या बाजूला सगळ्या एक. त्यानंतर समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या दोन्ही मुठींत घेऊन करकचून आवळल्या, चाकातून कुटकुट आवाज आले. परत आउट बघितली, थोडी आली होती, काढली. एका चाकाला जवळजवळ दोन तास.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: रिंगा २,१००, तारा ९५०, टायर-ट्यूब २,७०० (३२ चेच घेतले, मागे ३५ ला जागा नव्हती), कोन-अ‍ॅक्सल-छर्रे ३५०, मागचा कॅलिपर आणि चारही रबरं १,६००, मजुरी ८००. काकांनी ६०० मागितले होते. एकूण साडेआठ हजार. रानवारांच्या अंदाजापेक्षा जास्त झाले, हे कबूल.

मिरजकर | २६ मे, सकाळी ६:४०

वाचून डोळे भरले. आमच्या गावात सतार-तंबोरे घडतात, मामांच्या दुकानासमोरच एका सतारमेकरांचं घर होतं. तिथून जवारी काढताना तार छेडल्याचा आवाज यायचा आणि इकडे मामा चाकाच्या तारा छेडत असायचे. मामा म्हणायचे, डोळा फसतो, कान फसत नाही. चाक सरळ दिसतं तेव्हाही एक तार घट्ट आणि शेजारची ढिली असू शकते, ते फक्त कानाला कळतं. तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा.

साधारण शंभर किलोमीटर झाले की चाकं परत त्यांच्याकडे न्या. नव्या तारा जागेवर बसतात, थोडी आउट येतेच.

वर्धेकर | २६ मे, दुपारी १२:००

जवसाचं तेल! आमच्या घरी जवसाची चटणी रोज असते, तेल सायकलला लावतात हे आज कळलं. पुढच्या आठवड्यात मीपण बसतो आमच्या मिस्त्रीसोबत.

बावधनकर | १९ जून, सकाळी ११:२०

आज सकाळी पाऊस होता. रात्रभर पडून रस्ते धुतले होते, तरी रिपरिप चालूच. नऊला निघालो. चांदणी चौकात क्षणभर थांबलो, मागचं बघितलं, मग उतरायला लागलो.

वेग येऊ न देता सुरुवातीपासूनच रबरं रिंगला टेकवत ठेवली, ऋताताईंनी पुसण्याबद्दल लिहिलं होतं ते आठवून. पहिल्या क्षणी काहीच पकड नाही आणि पोटात खड्डा पडला. चाक एक फेरा फिरलं असेल-नसेल, आणि मग ब्रेकने धरलं. मऊ, पण ठाम. मुद्दाम बसथांब्याच्या बऱ्याच आधी पूर्ण थांबून पाहिलं. पाय टेकवले. गेल्या वर्षी बस जिथे होती ती जागा माझ्यापासून निदान पंधरा पावलं पुढे होती.

कोरड्या रस्त्यापेक्षा थांबायला जास्त अंतर लागतंच, कुणी यावरून गैरसमज करून घेऊ नका. झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर आणि चेंबरच्या झाकणांवर टायरच घसरतो, तिथे ब्रेक काहीच करू शकत नाही.

बाकी अहवाल: ३१० किलोमीटर झाले, तार एकही तुटली नाही, पंक्चर शून्य. १२० किलोमीटरवर काकांकडे नेलं, मागचं चाक केसभर आउट होतं, पाच मिनिटांत काढलं. चढावर सायकल हलकी लागते, विशेषतः सिग्नलवरून निघताना. आईने परवा खाली येऊन चाकं बघितली, हाताने एकदा फिरवून पाहिलं. बराच वेळ फिरत राहिलं ते.

ऋता_आइंडहोवन | १९ जून, दुपारी २:०५

किती बरं वाटलं वाचून. मडगार्डला खाली रबरी झालर लावा, रस्त्यावरचं घाण पाणी रिंगवर कमी उडतं आणि रबरंही जास्त टिकतात.

वर्धेकर | २ जुलै, संध्याकाळी ७:३०

माझीही झाली. ६३५ च्या नव्या रिंगा, ३२ आणि ४० भोकं, मिरजकर दादांनी सांगितल्याप्रमाणे दुकानात मोजूनच घेतली, पहिली हातात दिली ती ३६ ची होती. हबमध्ये ग्रीसऐवजी नुसता काळा चिखल निघाला. जवसाचं तेल घरून नेलं होतं. एकच अडलंय: पुढचा ब्रेक सोडल्यावर उजवीकडचं रबर रिंगला घासत राहतं. रिंग सरळ आहे, आउट नाही.

मिरजकर | २ जुलै, रात्री ९:१५

चाक चिमट्यात (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत) मधोमध बसलंय का ते आधी बघा. नट ढिले करा, चाक वरपर्यंत ढकला आणि दोन्ही बाजूंना रिंग आणि चिमट्याच्या मध्ये तेवढंच बोट जातं का पाहून परत आवळा. तरी घासत असेल तर चिमट्याला ब्रेकच्या सळईसाठी दोन बाजूंना छोट्या पकडी असतात, त्यातली उजवीकडची सैल करून सळई जराशी बाहेर घ्या. थोडी थोडीच. फोटो टाका, सांगतो.